लीग बंद होणार हे खेळाडूंच्या आधी मला कळलं

मंडळी, सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहितोय.

आमची सिंगापूरच्या वन-नॉर्थमधली छोटी टीम अमेरिकन फुटबॉलच्या एका लीगचं ॲप सांभाळते. मोठ्या लीगमध्ये जागा न मिळालेली पोरं तिथे खेळतात, कुणाची तरी नजर पडेल या आशेवर.

आज ऑफिसात पोचलो तर आमचे मॅनेजर मिलिंद सर म्हणाले, "लीग बंद होतेय. तिकडे अमेरिकेत आत्ता रात्र आहे, खेळाडूंना सकाळी मेल जाईल. त्याआधी सगळ्यांचं लॉगिन बंद कर. आणि कुणाशी बोलू नकोस."

"सर, दुसराच तर सीझन आहे."

"मोठ्या लीगला कॉलेजांकडून तयार खेळाडू फुकट मिळतात. मग हिच्यावर पैसे कोण घालणार?"

त्यांचं काही चुकत नव्हतं, म्हणून तर जास्त राग आला.

तेवढ्यात एका खेळाडूचा सपोर्टला मेसेज आला. त्याच्या सरावाचा व्हिडिओ ॲपवर दिसत नव्हता. "प्लीज लवकर बघा, शुक्रवारी मोठ्या टीमचा माणूस तो बघणार आहे."

मी व्हिडिओ नीट केला आणि "झालं" एवढंच लिहिलं. त्याने आभार मानले. उद्या याहून चांगला टाकतो, म्हणाला.

निघताना मीच त्याचं लॉगिन बंद केलं.

आता बुकित पंजांगला घरी बसलोय. तिकडे उजाडतंय. लॉगिन होत नाही म्हणून तो पुन्हा मलाच मेसेज करेल.

काय लिहू त्याला?