राबाला वळसा

आमच्या मुरबाडच्या बाजूला लहानपणी चालत कोण जायचं हो! थंडीत पळायचं ते अंगात ऊब यावी म्हणून, उन्हात पळायचं ते तळपाय पोळू नयेत म्हणून. वहाणा होत्या कुणाच्या पायात? पौषात दवानं भिजलेल्या बांधावरून पळताना बोटं अशी बधिर व्हायची की ठेच लागली तरी रक्त बघितल्यावरच कळायचं. वैशाखात या सावलीतून त्या सावलीत धूम ठोकायची. मी तशी भित्रीच. पण पळण्यात मला मागे टाकणारं पोर वाडीत नव्हतं, हे आजही छातीठोक सांगते.

त्यातलं एक पळणं मात्र आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

परकर नेसत होते तेव्हाची गोष्ट. आम्ही राब भाजत होतो. भाताचं रोप जिथे टाकायचं, त्या जागेवर शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या पसरायच्या, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. तण मरतं, रोप जोमानं येतं. राख उडू नये म्हणून भाजलेल्या राबात पाऊल टाकायचं नाही, हा बाबांचा दंडक. कोंबडी शिरली तरी दगड घेऊन धावायचे. चालायला लागलो तेव्हापासून आम्ही हेच ऐकत आलेलो.

आई ओढ्यावर पाण्याला गेली होती. तान्ह्या भावाची झोळी पलीकडच्या बांधावर, आंब्याच्या फांदीला. बाबा आणि मी अलीकडे, हातात ओल्या डहाळ्या घेऊन आगीवर लक्ष ठेवून. तेवढ्यात वारा फिरला. पेटता पाला उडाला, पलीकडच्या बांधावरचं वाळलं गवत भुरूभुरू पेटलं आणि आग झोळीकडे सरकायला लागली.

"झोळी! झोळी गो!" बाबा ओरडले.

मी जीव खाऊन पळाले. घशात धूर, पायांना चटके, आणि मनात एकच, भाऊ जळाला, आपला भाऊ जळाला. समोर बहुतेक भाजून झालेला राब होता. सरळ गेले असते तर लगेच पोचले असते. पण पाय आपसूक बांधावर वळले आणि सगळ्या राबाला वळसा घालत मी पळत राहिले. अशा वेळीही राबात पाय नको! मग धुरातून दिसलं, बाबा सरळ राबातून निघाले होते, अनवाणी, राख उधळत, खालचे निखारे तुडवत.

मी पोचले तेव्हा झोळी रिकामी लोंबत होती, एक कड धुमसत होती. किंचाळायला तोंड उघडलं, तर झाडाच्या मागे बाबा, कडेवर भाऊ, ठणाणा रडणारा.

"काय नाय झालं पोराला," ते म्हणाले. त्यांनी त्याला माझ्याकडे दिलं, खाली बसले आणि हमसून हमसून रडायला लागले. तळपायांची सालं निघाली होती, पण तिकडे ते बघतही नव्हते.

बाबांना भीती वाटतच नाही, अशी माझी तोवर खात्री होती. त्यांच्या जिवावर तर मी एवढी भित्री असून रात्री बिनघोर झोपायचे. त्या दिवसानंतर मला झोप लागेना.