धुऱ्याकडची चार तासं

गुरुजी गेल्याचा बाबांचा फोन आला, तेव्हा मी अकोल्यात प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकापुढे बसले होते. "शामुवेल गुरुजी गेले, पोरी. झोपेतच..." एवढेच बोलून त्यांनी फोन ठेवला. मी समोरची नोंद पूर्ण केली आणि मगच उठले. निरीक्षण अर्धवट टाकायचे नाही, ही शिस्त शाळेत गुरुजींनीच लावलेली होती.

बोरी अरबजवळच्या आमच्या गावात त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवले आणि निवृत्तीनंतर शेती केली. त्यांच्या आणि आमच्या शेतामध्ये एकच धुरा, म्हणजे सामाईक बांध. त्यांचे गावातले एकमेव ख्रिस्ती कुटुंब. पवित्र शास्त्रातला एक प्राचीन नियम ते काटेकोरपणे पाळत: पीक काढताना शेताचे काठ सोडावेत, ते गरिबाचे आणि परक्याचे. म्हणून धुऱ्याकडची चार तासं, म्हणजे चार ओळी, कपाशी ते कधीच वेचत नसत. गावातली भूमिहीन शेवंताबाई आणि तिच्या सोबतिणी तो कापूस वेचून नेत, गाद्या भरत. बाबा थट्टा करत, "गुरुजी, पुण्य तुमच्याकडं न् अळी आमच्याकडं."

थट्टेत तथ्य होते. मजुरीतून सवड मिळेल तशा बाया येत, त्यामुळे काठावरची कपाशी उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत उभी राही. गुलाबी बोंडअळी तिथे तग धरी आणि पुढच्या हंगामात आमच्या कपाशीवर उतरे. कीटकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत असताना, एका सुटीत मी त्याच काठावरची बोंडे त्यांच्यासमोर चिरून दाखवली. "गुरुजी, हजारो वर्षांपूर्वीचा नियम या किडीला ठाऊक नाही. डिसेंबरअखेर कपाशीची सगळी पऱ्हाटी उपटा." त्यांनी बोंड हातात घेऊन बराच वेळ निरखले.

"मंग शेवंताले काय सांगू?"

"घरून एक पोतं कापूस द्या." मला हे उत्तर पुरेसे वाटले होते.

त्याच आठवड्यात त्यांनी काठ मोकळा केला आणि सायकलवर पोते लादून शेवंताबाईकडे निघाले. मीही सोबत गेले. ती तांदूळ निवडत होती. तिने पोत्याला हातही लावला नाही. "देल्लेलं नोको, गुरुजी. येचलेलं माहं असते. हे तुमचं हाय." आम्ही पोते घेऊन परतलो. वाटेत गुरुजी रागावले नाहीत, फक्त एवढेच म्हणाले, "पोतं वाटा म्हणणं सोपं होतं. तरी शास्त्रात काठ सोडा म्हणून काहून सांगतलं, ते आज समजलं मले." मलाही समजले. मी अळ्या मोजल्या होत्या. पण त्या नियमाने शेवंताबाईला दान घेणारी न ठरवता स्वतःच्या कष्टाची धनीण ठरवले होते, हा घटक माझ्या मांडणीत नव्हताच... आमची कपाशी वाचली होती, पण तिचा हक्क गेला होता.

पुढच्या पेरणीआधी गुरुजी आमच्या अंगणात आले. "तुही ती अळी तुरीवर जगते काय?"

"नाही."

"मंग झालं. नियमात काठ म्हणलं हाय, कापूस नाही. शास्त्रातल्या लोकायच्या देशात तं जव न् गहू होता."

त्या वर्षापासून काठावर तूर आली. शेवंताबाईने पहिल्याच हंगामात शेंगा सोलून पाहिल्या आणि निकाल दिला, "गादीपरीस वरण बरं. उपाशी पोटी गादीवरही झोप नाही येत, गुरुजी." ते खळखळून हसले. जुना नियम टाकून न देता, आणि त्याला कवटाळूनही न बसता, त्याचा हेतू शोधायचा असतो, हे मी कोणत्याही ग्रंथालयात शिकले नाही. आज शेतकऱ्यांसाठी शिफारस लिहिताना, त्या शिफारशीने कुणाचा वाटा जातो, हे मी आधी तपासते.

यंदा गुरुजी तुरीच्या सोंगणीआधीच, म्हणजे कापणीआधीच, गेले. त्यांची मुलगी मार्था पुसदहून आली आणि तिने मजूर लावले. सोंगणी पाहायला मीही गेले होते. धुऱ्यापाशी येताच मजूर थांबले, त्यांना कुणी सांगावे लागले नाही. काठावर शेवंताबाई आणि तिच्या सोबतिणी शेंगा तोडत होत्या. माझे लक्ष आमच्या बाजूकडे गेले. आमच्याही कपाशीत तुरीची तासं असतात आणि आमची सोंगणी आठवड्यापूर्वीच झाली होती. पण धुऱ्यालगतची तूर तशीच उभी होती.

"बाबा, ही काहून ठेवली?"

बाबांनी माझ्याकडे पाहिले नाही. "तोडता तोडता धुरा कुठं दिसते या बायायले," ते म्हणाले, आणि खांद्यावरचा दुपट्टा झटकून घराकडे निघाले.