लोहाराच्या तोंडी घातलेलं वाक्य

हे सांगायला बसलो की मी नेहमी दुसरंच काहीतरी सांगून उठतो. मायला नाही सांगितलं, बोर्डिंगात शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्याला नाही सांगितलं. तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल.

गोष्ट एका पुस्तकाची आहे. म्हणजे — पुस्तकाचा काही दोष नाही.

आम्ही उमापूरची धनगर माणसं. थोडी जमीन, बाकी मेंढरं. आमच्या घरात शाळेत गेलेला मी पहिला, आणि जालन्याहून रेल्वेनं हैदराबादच्या कॉलेजात पोचलेला तर अख्ख्या आळीत पहिला. तिथं मी पदार्थविज्ञान घेतलं. तिथं सगळं उर्दूत शिकवत, आणि उर्दूत त्याला तबीयात म्हणतात. पहिल्या सुट्टीत घरी आलो तेव्हा आबांनी, माझ्या वडिलांनी, विचारलं की काय शिकतोस. मी पडणाऱ्या दगडाचा नियम सांगितला, विजेचा सांगितला. आबा लोकर कातत ऐकत होते. मग म्हणाले, "ह्ये समदं ज्यानं हुडकलं, त्यो कुणाचा पोरगा व्हता?"

आमच्या पुस्तकांत नियमाला माणसाचं नाव होतं, पण माणूस नव्हता.

"इतकं शिकला आन् बापाचं नाव इचारलं न्हाई व्हय बे?" शेजारचे किसनकाका हसले. "मंग सोयरीक कशी जुळायची?"

सगळे हसले, मीही हसलो. पण तेव्हापासून मी शोधायला लागलो. तुम्ही कधी शोधलीत का अशी पुस्तकं — नियम शोधणाऱ्यांच्या आयुष्याची? बहुतेकांत माणूस जन्मतो, शोध लावतो, मानसन्मान घेतो आणि मरतो. काहींत तो पाळण्यापासूनच देव असतो. त्याला कधी ताप येत नाही, त्याचं कधी काही चुकत नाही. मराठीत तर मला एकही धड मिळालं नाही. दमून सोडून देणार होतो, तेवढ्यात जुन्या बाजारात रद्दीच्या ढिगात एक इंग्रजी पुस्तक हाती आलं, पुठ्ठा निघालेलं. उभ्या उभ्याच मधलं एक पान वाचलं. विजेवर थोर काम केलेला एक माणूस, लोहाराचा पोरगा. त्याला गणित फारसं येत नसे, आणि ते तो लपवत नसे. एवढ्यावरून मला कळलं, हे चांगलं पुस्तक आहे.

दिवाळीत ते घेऊन गावी गेलो. मेंढरं कोंडून झाली की आबा समोर येऊन बसत. मी इंग्रजी मनात वाचायचो आणि आमच्या बोलीत सांगायचो. लोहाराचा पोरगा पुस्तकं बांधायच्या दुकानात कामाला लागला, आणि बांधायला आलेलीच पुस्तकं वाचत बसला — हे आबांना इतकं आवडलं की ते पाणवठ्यावर लोकांना थांबवून सांगायचे, "आमच्यावानीच हाय. घरात खायाला न्हाई, पर डोकं लई!"

आणि मग ती संध्याकाळ.

त्या दुपारी आबा म्हणाले होते, "शिमग्याला ये. लोकर कातरायला मानूस कमी पडतंय." मला यायचं नव्हतं. का? खरं सांगू? बोर्डिंगातली मुलं म्हणायची, याच्या अंथरुणाला मेंढराचा वास येतो. तो वास मी कसाबसा धुऊन काढला होता. तो पुन्हा अंगाला लागायला नको होता. आबांना तसं तोंडावर सांगायला हवं होतं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या, दोन दिवस बोलले नसते — आणि संपलं असतं.

त्या दिवशीचं पान असं होतं. लोहार आजारी पडला, त्याला हातोडा उचलेना. पोरगा दुकानातलं काम आटोपून घरी येई आणि बापाजवळ बसे. एवढंच. सोपं इंग्रजी होतं. मला एकही शब्द अडला नव्हता.

मी सांगितलं, "बाप आजारी पडला, पर पोरगा घरी गेला न्हाई. काम सोडून उठला असता तर शोध ऱ्हायला असता."

आबांचा हात थांबला. "मंग बाप काय म्हनला?"

पुस्तकात बाप काहीच म्हणत नाही. मी पान उलटल्यासारखं केलं.

"बाप म्हनला — माझ्यापायी काम सोडून येऊ नगं."

"शाना व्हता लव्हार," आबा म्हणाले, आणि पुन्हा कातू लागले. शिमग्याचं नाव त्यांनी परत काढलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. हेही सांगायला हवं — बरं वाटलं मला.

पुढच्या पावसाळ्यात आबांना ताप आला, तो उतरेना. माय म्हणत होती, हैदराबादेला कळवा. आबांनी कळवू दिलं नाही. हे मला नंतर किसनकाकांनी सांगितलं, मोठ्या अभिमानानं. "म्या म्हनलं, पोराला बोलवू. तर मलाच डाफरला — लव्हारानं बोलवलं व्हतं का बे? मंग म्या कावून बोलवू?" काका डोळे पुसत हसत होते. "लई कठीण काळजाचा तुझा बा."

कठीण काळजाचा? माय म्हणाली, शेवटी शेवटी त्यांनी खाट दारात टाकायला लावली होती, वाट दिसेल अशी.

आबा गेल्यावरच मला तार आली; मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. गोदावरीला पूर होता, वाटेत शहागडला नाव बंद होती. त्यामुळं उशीर झाला, असं लोक आपणच म्हणाले. मी मान हलवली. ती एवढीशी मान हलवणंही मला अजून आठवतं.

पुस्तक आता मायच्या देव्हाऱ्यात आहे, खंडोबाशेजारी, कापडात बांधलेलं. ती त्यावर भंडारा वाहते. आल्यागेल्याला सांगते, ह्येच्यात एक बाप हाय, आमच्या ह्यांच्यावानी. तिला वाचता येत नाही. गावात इंग्रजी वाचणारं माझ्याशिवाय कुणी नाही.

यंदा सुट्टीत तिनं ते कापडातून सोडून माझ्यापुढं ठेवलं. "त्यो लव्हार काय म्हनला, तेवढं वाच रं." आणि पदर सावरून समोर बसली. पानांच्या कडा भंडाऱ्यानं पिवळ्या झाल्या होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. यापेक्षा चांगली वेळ कुठली येणार होती? मी पान काढलं. लोहार आजारी होता. पोरगा काम आटोपून घरी येत होता, बापाजवळ बसत होता.

"माझ्यापायी काम सोडून येऊ नगं," मी वाचलं.

मायनं पुस्तकाला हात जोडले.