मामांच्या डोळ्यामागचे धागे

"मामा गेले. डोळे न्यायला मानसं पाठव लवकर," एवढंच बोलून मामींनी फोन ठेवला. मी तेव्हा एका कॉलेजच्या फाटकाला नेत्रदानाचा फलक बांधत होते. कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीतल्या मामांच्या दोन खोल्यांतून पहिला फोन मला आला, रडण्याआधी मला... अभिमान वाटायला हवा होता. लाज वाटली. पाच आठवडे झाले, अजून वाटते.

नरसय्यामामा माझ्या नात्यातले नव्हते. माझी आई आणि मामी एकत्र विड्या वळायच्या, तेवढीच ओळख. मामा यंत्रमागावर जोडणी करायचे. मागावरचं सूत संपत आलं की नव्या बीमचे, म्हणजे सूत गुंडाळलेल्या रुळाचे, हजारो तार जुन्या तारांना एकेक करून जोडायचे; एक जरी चुकीच्या जागी गेला तरी चादरीवर दिसतं. त्यांची बोटं इतकी तयार होती की ते सुताकडे बघतही नसत. म्हणून डोळे जातायत हे घरात कुणाला कळलं नाही, त्यांनाही नाही. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी थेंब दिले, रोज आणि कायमचे. त्यानं डोळे चुरचुरायचे, मामा वैतागायचे. एकदा मी ठोकून दिलं, "वेळ आलीच तर दान केलेला डोळा बसवता येतो मामा, घाबरता कशाला?" आमच्या नेत्रदान संस्थेच्या पत्रकावर मीच लिहिलं होतं, 'तुमचे डोळे दोघांना दृष्टी देतील.' कुठल्या दोघांना, हे मी कुठल्याच डॉक्टरला विचारलं नव्हतं. मामांनी थेंब सोडले.

पुढे कार्यकर्त्यांच्या शिबिरात एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बदलतात तो फक्त बुबुळावरचा पारदर्शक पडदा. डोळ्याच्या आत मज्जापेशी असतात, त्यांचे लाखो तंतू मागून मेंदूत जातात, प्रत्येक आपल्या ठरलेल्या जागी. चित्र तिथं उमटतं. काचबिंदूत हे तंतूच मरतात आणि पुन्हा जोडता येत नाहीत. मला त्याच क्षणी मामा आठवले. आणि मी दोन महिने त्यांच्याकडे गेले नाही. शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, आमचे नेत्रदानाचे अर्ज धडाधड भरले जात होते, मामा स्वतः सभेत उठून लोकांना पटवत होते. मी खोटं बोलले नाही, गप्प बसले. गप्प बसणाऱ्यांवर मी किती पत्रकं काढलीत, विचारू नका.

शेवटी मी गेले तेव्हा त्यांना खिडकी नुसती उजेड म्हणून दिसत होती. मी सगळं सांगितलं.

"किती तार म्हनलीस?"

"एका डोळ्याचे दहा लाखांच्या आसपास."

"आनि कुनालाच जोडता येत न्हाईत? त्या डॉक्टरला माज्या हाताखाली पाठव की." हसले. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "दोन महिने आदी आली असतीस तर थेंब घातले असते, पोरी."

पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही. त्यांच्या डोळ्यांचे पडदे चांगले निघाले, दोघांना बसले. आमचं पत्रक खरं ठरलं.

परवा मामींकडे गेले. खिडकीच्या गजाला एक दोरा लोंबत होता, सारख्या अंतरावर गाठी. थेंब घातला की एक गाठ, बोटांनी हिशेब लागावा म्हणून. राहिलेला उजेड तरी राहावा म्हणून ते पुन्हा घालू लागले होते. पहिली गाठ कधीची, मी विचारलं. "तू सांगून गेलीस त्या दिवसाची," मामी म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.