दोर अजून कुणी सोडलेला नाही

अन्याय माझ्या थोरल्या बहिणीवर झाला. यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दुपारी चार वाजता, निंबोल्यात आमच्या घरासमोरच्या कडुनिंबाखाली. भर उजेडात, सगळ्यांच्या देखत.

आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात. निंबाला झोका बांधतात. दोघी फळीवर समोरासमोर उभ्या राहतात, एक वाकली की दुसरी उठते. ताई तीन वर्षांनी आली होती. ती दूरच्या शहरात पीएचडी करते, शिशाच्या अणूच्या केंद्रकावर. सकाळी आम्ही दोघी फळीवर चढलो, तेव्हा तिनं मला ते तिथंच समजावलं.

"जोर नको लावू, ठेक्यात रेट दे. बघ, चढतो की नाही आपोआप? प्रत्येक झोक्याचा आपला ठेका असतो. केंद्रकाचाही असतो. नेमक्या त्या ठेक्याचे गॅमा किरण पडले की ते डोलायला लागतं. त्याला अनुनाद म्हणतात."

"डोललं तर डोललं. आपल्या बापाचं काय जातं?"

"ऐक तर! शिशात प्रोटॉनपेक्षा न्यूट्रॉन जास्त. जास्तीचे कडेला जमतात, केळ्याच्या सालीसारखा पातळ थर. गाभा एकीकडे डोलतो, थर दुसरीकडे. किती जोरात डोलतो त्यावरून थर किती जाड, याचा अंदाज बांधायचा. पट्टी लावून थोडाच मोजता येतो?"

"आणि किरण कोण सोडतं? तू?"

"मी कसली! ती मशीन परदेशात, जाड भिंतींच्या आड. माझ्याकडे नुसते आकडे येतात. मी कम्प्युटरसमोर बसून डोळे फोडते."

मी रेट देणं थांबवलं. पंधरा दिवसांपूर्वी मी एक पत्रक वाटलं होतं.

गावामागच्या माळावर कुणी तरी खुंट्या ठोकून गेलं होतं. कशाच्या, ते सांगायला कुणी तयार नव्हतं. अणुकचरा पुरणार, अशी बोलवा उठली. आम्ही चळवळीतल्या पोरापोरींनी जाब विचारणारं पत्रक काढलं. जाब विचारणं बरोबरच होतं, आजही म्हणते. पण आमच्यात पत्रक लिहिण्याचा एक नियम आहे. गावातलाच एक साक्षीदार घालायचा, नाही तर लोक वाचत नाहीत. मी ताईला न विचारता लिहिलं, "आपल्याच गावची लेक रोज गॅमा किरणांत काम करते. काय परिणाम होतात, तिला विचारा." इतवारा बाजारातल्या छापखान्यातून पिवळ्या कागदावर छापून आणलं आणि दारोदारी माझ्या हातानं टाकलं.

विचारलं कुणीच नाही. आई ताईचा पेला वेगळा विसळत होती. शेजारणीनं तिच्या मांडीवरून लेकरू उचलून नेलं, म्हणे भूक लागली असेल. मी हे सगळं बघत होते, आणि हे कशामुळे ते मला कळत होतं.

चार वाजता ताई पुन्हा फळीवर चढली. समोर कुणी चढेना. काकू पुढे आली.

"उतर बेटा. पोरीबाळी आहेत, एक पोटुशी आहे. रेडिएशन का क्या भरोसा?"

"अहो काकू, मी नुसते आकडे बघते."

"तुझ्या बहिणीनंच छापलंय ना? ती काय झूठ छापेल?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. ताईसुद्धा. भर चौकात माइकशिवाय बोलणारी मी, तोंडातून एक शब्द काढला नाही. ताई खाली उतरली.

त्याच संध्याकाळी बाबांनी तिची बॅग आणि लॅपटॉप कोठीत ठेवून कुलूप लावलं. "शिकली तेवढं बस झालं. जीव तर राहू दे."

आता मात्र मी बोलले. "बाबा, ते मी खोटं लिहिलं होतं."

त्यांची उभी नोकरी कागद कारखान्यात गेली. छापील कागदावर त्यांचा देवासारखा विश्वास. म्हणाले, "तेव्हा छापलं ते खोटं, आणि आता बहिणीसाठी बोलतेस ते खरं?"

तिच्या सरांनी कळवलंय, महिनाअखेरपर्यंत हजर झाली नाहीस तर जागा दुसऱ्याला जाईल. ताई कोठीच्या दाराकडे पाठ करून बसते. माझ्याशी बोलत नाही.

आखाजीचा झोका दुसऱ्या दिवशी सोडतात. हा अजून लोंबतोय. दोराला कुणी हात लावत नाही. वारा सुटला की रिकामी फळी डोलायला लागते, आणि बाया पोरांना घरात ओढतात.

मी नवं पत्रक काढलं, चूक कबूल करणारं. ते कुणी वाचलं नाही. भीती घालणारं मात्र सगळ्यांनी जपून ठेवलंय.

म्हणून तुम्हाला सांगते. ते पिवळं पत्रक तुमच्या घरात असेल, तर घेऊन या. आमच्या ओट्यावर, बाबांच्या डोळ्यांसमोर फाडा. मग त्या फळीवर चढा, ताईला हाक मारा आणि तिच्या समोर उभे राहा. महिना संपायच्या आत या.