पंधरा नंबरचा बोगदा

जावातल्या तुलुंगागुंगमध्ये राउटर बसवायचा म्हटलं की लोक पाक तुगिमानला, म्हणजे तुगिमानरावांना, बोलावत. तो हुशार होता म्हणून नव्हे. तो कुणाला नाही म्हणत नसे म्हणून. राउटर बायकोच्या कपाटात कुलपात ठेवा, पण रेंज कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत हवी, असं कुणी म्हटलं तरी तुगिमान मान डोलवायचा, "होईल की." मग होत नसे, ती गोष्ट वेगळी.

बू हार्तिनींच्या, म्हणजे हार्तिनीबाईंच्या, कारखान्यात तो बावीस वर्षं होता. तिथं क्रुपुक बनत, तांदळा-माशाचे पापड. बूंच्या हुकमाशिवाय ते उन्हातसुद्धा वाळत नसत म्हणे. बूंचा सगळा कारभार वेतोनवर चाले. जन्मवाराचा एक आकडा, पाच दिवसांच्या बाजारवारातला दुसरा, दोन्ही मिळवायचे आणि येईल ती बेरीज जन्मभर जपायची. बूंची बेरीज पंधरा. म्हणून गाडीच्या नंबरात पंधरा, भट्ट्या पंधरा (त्यातल्या सहा कायमच्या थंड), आणि कारखान्याचं नेटवर्कही पंधराचं, १९२.१६८.१५. हा आकडा तुगिमाननंच घातला होता, तोही वाकून नमस्कार करून.

पुढं बूंनी ब्लितारला दुकान काढलं आणि नवऱ्याला, पाक सुबेक्तींना, तिथं बसायला पाठवलं. पाठवलं की ते आपणहून निसटले, यावर कामगारांत दोन तट होते. बूंना ते दुकान इथं बसून बघायचं होतं, कॅमेऱ्यासकट. म्हणजे व्हीपीएन हवा. दोन्हीकडच्या राउटरांनी इंटरनेटच्या भर रस्त्याखालून एक बोगदा काढायचा, त्यातून फक्त आपल्याच माणसांनी जायचं-यायचं.

नऊ दिवस तुगिमान बोगदा खणत होता. दोन्हीकडच्या किल्ल्या अदलाबदल झाल्या, राउटर छातीठोकपणे सांगे की जोडलंय. आणि कॅमेऱ्याचा पडदा काळाच्या काळा.

बूंचा भाचा दानांग सुराबायाहून पदवी घेऊन आला होता. नोकरी सुटली होती, पण गळ्यातलं ओळखपत्र सुटलं नव्हतं. तो मावशीला म्हणाला, "बुलिक, सुराबायाच्या नेटवर्कवाल्या कंपनीची माणसं उद्या दुपारी बाराला येतायत. तोवर झालं तर झालं. नाहीतर पाक तुगिमानना नातवंडं खेळवायला मोकळं करू."

"करू," बू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तुगिमानच्या डोक्यात उजेड पडला. ब्लितारच्या राउटरलाही त्यानं पंधराच घातला होता. बूंनी सांगितलं होतं, तो "होईल की" म्हणाला होता.

तो बूंसमोर जाऊन बसला. आधी चहा बरा झालाय म्हणाला. मग हवेत जरा दमटपणा आहे म्हणाला.

"पाक, तुम्ही हवापाण्यावर आलात म्हणजे काहीतरी मोडलंय."

"मोडलं नाही, बू. दोन्हीकडे पंधरा आहे. इथल्या राउटरला म्हटलं, पंधरामधला कॅमेरा दाखव, की तो म्हणतो पंधरा म्हणजे आपलंच घर, आणि घरातच शोधत बसतो. बोगद्याकडे ढुंकून बघत नाही. एका टोकाचा आकडा बदलायला हवा. दुकानालाही वेतोन असेलच की, उघडलं त्या दिवसाचा."

बूंनी बोटांवर हिशेब केला. "शुक्रवार सहा, बाजारवार पाहिंग नऊ. पंधरा! मी वेडी आहे का? पंधरा यावी म्हणून तर तीन आठवडे थांबून दुकान उघडलं."

दानांग फिसकन हसला.

"दोन्हीकडे पंधराच ठेवा आणि चालू करा," बू म्हणाल्या. "होईल ना?"

साडेअकरा झाले होते. होईल म्हणावं तर बाराला नोकरी जाणार, नाही म्हणावं तर आत्ताच. तुगिमाननं टोपी काढली, परत घातली.

"नाही, बू."

पाकिटं भरणाऱ्या बायकांचे हात थांबले. या माणसाकडे हा शब्द आहे, हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

"सरळ रस्त्यानं नाही होणार," तुगिमान म्हणाला. "एक आडवाट आहे. पंधराला दुसऱ्याच आकड्याचा मुखवटा घालायचा. सुराबायाचे तेच करतील. मग तुमचा पंधरा दिवसभर परक्याच्या नावानं हिंडेल."

"माझा पंधरा? खोट्या नावानं?" बूंनी छातीला हात लावला. "दानांग, हे खरं?"

"म्हणजे, बुलिक, तांत्रिकदृष्ट्या बघायला गेलं तर..."

"हो की नाही?"

"हो."

बूंनी चहाचा कप बाजूला सारला. मग चिंचेचा चोथा थुंकावा तशा म्हणाल्या, "तिकडे सतरा घाला. यांचा आकडा. शनिवार क्लिवोन. लग्नाच्या वेळी काढला होता, नंतर कधी काम पडलं नाही."

तुगिमाननं इथूनच, इंटरनेटवरून, ब्लितारच्या राउटरचा आकडा बदलला, इकडच्या राउटरला सतराचा रस्ता दाखवला आणि फोन लावला. "पाक सुबेक्ती, तेवढी कॅमेऱ्याची वायर काढून परत घाला, नवा आकडा घेऊ दे त्याला."

बाराला दहा कमी असताना पडदा उजळला. आधी पाक सुबेक्तींच्या नाकपुड्या दिसल्या. ते मागे सरले तसं दुकान दिसलं: शटर अर्धं खाली, गल्ल्यावर होल्यांचे तीन पिंजरे, आणि बाकावर चार म्हातारे पाय वर घेऊन पत्ते पिसतायत.

बूंनी चष्मा पुसला.

"दानांग, सुराबायाला कळव, येऊ नका म्हणावं. आणि पाक तुगिमान, मला हे बोलतायत काय ते ऐकायचंय. आवाज येईल?"

"नाही, बू. या कॅमेऱ्याला आवाज नाही."

"मग आवाजवाला आणा," पडद्यावरून नजर न काढता बू म्हणाल्या. "उद्या आठला बसवा."