ब्रदरांनी सुट्टी घेतली त्या दिवशी

आमची कॉलनी आणि फादर लोकांचं कॉलेज यांच्यामध्ये एक भिंत होती आणि त्या भिंतीला एक भगदाड होतं. भिंत कॉलेजने बांधली होती, भगदाड आम्ही पाडलं होतं. चेंडू, मांजरी, शेजारच्या काकूंचे वाऱ्याने उडालेले परकर, सगळं त्यातून ये-जा करायचं. पलीकडून आमच्याकडे यायची ती घंटा. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. तीन टोल, पुन्हा तीन, पुन्हा तीन आणि शेवटी सलग नऊ. ती वाजली की तिकडे प्रार्थना व्हायची आणि इकडे बायका स्टोव्ह पेटवायच्या.

बाबा तर त्या घंटेचे भक्तच. ते इरिगेशनच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि वेळेच्या बाबतीत असह्य होते. असह्य हा शब्द मी विचार करून वापरते आहे. जेवायला दोन मिनिटं उशीर झाला तर ते आपल्याकडे न बघता मनगटाकडे बघायचे. रोज संध्याकाळी सहाला व्हरांड्यात उभं राहून ते घड्याळ घंटेबरोबर लावत.

ताईचं लग्न ठरलं निफाडला, द्राक्षबागवाल्यांकडे. मुलगा ताईला मनापासून आवडला होता. ती कबूल करत नसे, पण त्याचं पत्र आलं की तिच्या हातून भात करपायचा. अडचण होती ती मुलाच्या आजोबांची, कारण त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. पत्रिकेप्रमाणे अख्ख्या उन्हाळ्यात एकच मुहूर्त निघत होता, बारा वाजून दोन मिनिटांचा. आजोबांनी बजावलं, "टाइम चुकला तर अक्षता पडणार नाय. मग तुळशीच्या लग्नानंतर बघू."

साखरपुड्याला बाबांनी आणि आजोबांनी घड्याळं जुळवून पाहिली तर चार मिनिटांचा फरक. "आमचं घड्याळ लय जुनं हाय, पण खोटं बोलत नाय," आजोबा म्हणाले. बाबा लाल झाले. तेवढ्यात भिंतीपलीकडे सहाची घंटा सुरू झाली आणि भटजींनी तोड काढली. लग्न फादर लोकांच्या घंटेवर लावायचं. ती ना मुलीकडची, ना मुलाकडची. घंटा वाजून संपायला दोन मिनिटं लागतात, म्हणजे शेवटचा टोल आणि अक्षता एकदम. ही कल्पना दोन्ही बाजूंना इतकी पसंत पडली की पेढे दुसऱ्यांदा फिरवले गेले.

शेजारपाजारी पत्रिका वाटायचं काम माझ्याकडे होतं. मी चौदा वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. भगदाडातून जाऊन मी ब्रदरना पत्रिका दिली. ब्रदर म्हणजे घंटा वाजवणारे म्हातारे गृहस्थ, मंगळूरकडचे. ते आमचे चेंडू परत करायचे आणि लहानथोर सगळ्यांना 'तू' म्हणायचे. मी त्यांना दम दिला, "बाराच्या आत यायचं. उशीर चालणार नाही." शेवटी मी बाबांचीच मुलगी.

लग्नाच्या दिवशी कॉलनीच्या मैदानात मांडव गच्च भरला. अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं सुरू झाली आणि संपली. घंटा नाही. आत्याने पुन्हा पहिल्यापासून धरलं. तीही संपली. मग तिने स्वतः रचलेली काढली, त्यात सगळ्या घराण्याची नावं होती. नावं संपली तेव्हा तिने शेजाऱ्यांची घातली. इतक्यात आचाऱ्याच्या हातून पितळी परात पडली. खणकन आवाज झाला, बँडवाल्याने सनई फुंकली आणि निम्म्या मांडवाने अक्षता टाकल्या. "थांबा, परात हाय ती," आजोबा ओरडले. बायका खाली वाकून अक्षता वेचू लागल्या. बाबा मनगटाकडे बघत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांची दया आली.

अक्षतांचं ताट घेऊन मी पुढच्या रांगेत गेले तर तिथे ब्रदर बसलेले. पांढरा झगा, गुलाबी फेटा, मुठीत अक्षता, चेहरा प्रसन्न.

"ब्रदर, घंटा?"

"आज नाही," ते समाधानाने म्हणाले. "तू बोललीस ना, उशीर चालणार नाही? मी फादरला विचारून सुट्टी घेतली. बाराची घंटा आज बंद." मग कौतुकाने म्हणाले, "तुमचं लग्न लांब असतं, पण छान असतं."

लग्न घंटेवर लागणार हे अख्ख्या निफाडला माहीत होतं. घंटा वाजवणाऱ्याला सांगायचं मात्र कोणालाच सुचलं नव्हतं, मलाही नाही. मी त्यांच्या कानात सगळं सांगितलं. ब्रदर उठले आणि त्या वयात जे पळाले ते मी विसरणार नाही. फेट्याचा शेमला भगदाडात अडकला, फेटा तिथेच राहिला. थोड्या वेळाने टोल सुरू झाले, तीन, तीन, तीन आणि धापा टाकत नऊ. अक्षता पडल्या.

मग आजोबांनी खिशातून साखळीचं घड्याळ काढलं. "साहेब, तुमच्यात किती वाजले?"

बाबांच्या घड्याळात बारा वाजून एकवीस मिनिटं झाली होती. मी वाकून पाहिलं होतं. त्यांनी एकदा ताईकडे पाहिलं, सगळ्यांसमोर किल्ली ओढली, काटा मागे फिरवला आणि म्हणाले, "बारा वाजून दोन मिनिटं."

आजोबांनी आपल्या घड्याळाकडे पाहिलं, मग नातवाकडे. नातवाचं लक्ष ताईवरून हलत नव्हतं. त्यांनीही काटा फिरवला. "आमचं जरा पुढं पळतंय," ते पुटपुटले आणि जेवणाच्या पंगतीकडे निघाले.

त्या संध्याकाळी सहाला बाबा व्हरांड्यात आले नाहीत. घड्याळ पुढे केलं तर मुहूर्त चुकला होता असं ठरेल, एवढंच त्यांनी आईला सांगितलं. सहा महिने ते रोज एकोणीस मिनिटं उशिरा कचेरीत गेले, साहेबांची बोलणी खाल्ली आणि गार आमटी जेवले. दिवाळसणाला ताई आली. अंगाने भरली होती, विनाकारण हसत होती. सहाची घंटा सुरू झाल्यावर ती बाबांना हाताला धरून व्हरांड्यात घेऊन गेली आणि म्हणाली, "बाबा, आता लावा. माझं सगळं ठीक आहे." बाबांनी मनगट तिच्यापुढे केलं.